कुळाचे कागद आणि हुद्द्याची सनद
(घाटनांदूर येथील स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यान)



पत्रिकेत विषय छापून आल्यावर एका जुन्या स्नेह्यांनी फोन करून विचारले, "अहो, आमच्याकडे ना समुद्र, ना पोर्तुगीज. गोव्याचे गव्हर्नर कोण नेमत होते याच्याशी बीड जिल्ह्याला काय देणेघेणे?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर इथून जवळच असलेल्या धारूरच्या किल्ल्यात आहे. तो किल्ला १५६७ साली किश्वरखान या आदिलशाही सरदाराने बांधला. निजामशाहीच्या उरावर बांधलेला तो किल्ला मूर्तझा निजामशहाला सहन होणे शक्यच नव्हते. त्याने थोड्याच काळात तो जिंकला आणि त्या लढाईत किश्वरखान पडला. धारूरसाठी एकमेकांच्या जिवावर उठलेल्या याच दोन शाह्यांनी १५७० च्या अखेरीस हातमिळवणी केली आणि पोर्तुगिजांवर एकदमच चाल केली. आदिलशहा गोव्यावर गेला, निजामशहा चौलवर.

तेव्हा गोव्यात लुईश द अताईद हा व्हाइसरॉय होता. चौल सोडून द्यावे आणि सारे बळ गोव्याच्या बचावाला लावावे, असा सल्ला त्याला त्याच्याच मंडळींनी दिला. त्याने तो मानला नाही आणि दोन्ही ठाणी राखली. हा माणूस तिथे कसा पोचला, त्याला कोणी निवडले, काय पाहून निवडले? सव्वाचारशे-साडेचारशे वर्षे हे आपले शेजारी होते. आपल्या सुलतानांनी, छत्रपतींनी, पेशव्यांनी यांच्याशी लढाया केल्या, तह केले. पण समोरच्या खुर्चीत बसलेला माणूस त्या खुर्चीत कसा आला, हे आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत सहसा नसते. "पोर्तुगीज गव्हर्नर" एवढेच लिहून आपण पुढे जातो.

आधी एक गैरसमज दूर करू. राजाच्या मर्जीतला कोणीही उमराव उचलला आणि गोव्याला पाठवला, असे ते काम नव्हते. त्या व्यवस्थेत सेवेची नोंद होती, दाखले होते, अर्ज होते, अर्जांची छाननी होती, अंमल संपल्यावर चौकशीही होती. म्हणजे गुण मोजण्याची सारी यंत्रणा होती. घोटाळा होता तो मोजमापात. त्यावरच आज मला बोलायचे आहे.

सुरुवात १५०५ पासून. राजा मानुएलने पहिला व्हाइसरॉय म्हणून निवडला होता त्रिस्तांव द कुन्हा. ऐन वेळी त्याची दृष्टी गेली, ती तात्पुरती होती, पण जहाजे थांबणार नव्हती. मग नेमणूक झाली फ्रान्सिस्को द आल्मेडाची, अब्रांतेशच्या काउंटच्या मुलाची. त्याच्यानंतर आला आफोन्सो द अल्बुकर्क. १५१० मध्ये गोवा घेणारा, पुढे मलाक्का घेणारा, पोर्तुगिजांचे पूर्वेकडचे राज्य ज्याने खऱ्या अर्थाने उभे केले तो हाच. त्याला व्हाइसरॉय हा किताब कधीच मिळाला नाही, तो अखेरपर्यंत गव्हर्नरच राहिला. अधिकार जवळजवळ तेच, पण मान वेगळा. १५०५ पासून १५५० पर्यंतच्या पंचेचाळीस वर्षांत व्हाइसरॉय म्हणवून घेता आले फक्त चौघांना: आल्मेडा, वास्को द गामा, गार्सिया द नोरोन्हा आणि जुआंव द कास्त्रो. त्यातही कास्त्रोला तो किताब मिळाला तेव्हा त्याच्या आयुष्याचे काही आठवडेच उरले होते.

आल्मेडा आणि अल्बुकर्क यांच्यातला बदली-प्रसंग तर नाटकात शोभावा असा आहे. अल्बुकर्क राजाची सनद घेऊन १५०८ च्या डिसेंबरात कण्णूरला पोचला. आल्मेडाने खुर्ची सोडायला नकार दिला. कारण त्याच वर्षी आपल्या चौलच्या खाडीत त्याचा मुलगा लोरेन्सो लढाईत मेला होता, आणि मुलाचा सूड घेतल्याशिवाय तो परतणार नव्हता. १५०९ च्या फेब्रुवारीत दीवला त्याने सूड घेतला. त्यानंतरही त्याने पदभार दिला नाहीच, उलट अल्बुकर्कलाच कण्णूरच्या किल्ल्यात अडकवून ठेवले. लिस्बनहून सरदार कुतिन्हो आरमार घेऊन आला तेव्हा कुठे नव्या गव्हर्नरची सुटका झाली. बदलीचा हुकूम हातात असूनही आधीचा साहेब कुलूप उघडत नाही, हा अनुभव सरकारी नोकरीतल्या श्रोत्यांना अगदीच परका वाटू नये.

आता मुद्द्याचा प्रश्न. एवढ्या दूरच्या, एवढ्या धोक्याच्या कामावर बड्या घरचाच माणूस का? लिस्बनहून गोव्याला यायला सहा-सात महिने लागत, वाटेत बरीच माणसे रोगाने जात. पराक्रमी खलाशी, अनुभवी शिपाई हाताशी असताना काउंटचा मुलगा कशाला हवा होता?

पहिले कारण हाताखालच्या लोकांत आहे. गोव्यातले कप्तान स्वतःच फिदाल्गू होते, म्हणजे कुलवंत. आपल्यापेक्षा हलक्या घरातल्या माणसाचा हुकूम ते पाळत नसत. अल्बुकर्क खुद्द चांगल्या घराण्यातला, तरी होर्मुझच्या मोहिमेत त्याचे तीन कप्तान त्याला ऐन वेळी टाकून निघून गेले आणि आल्मेडाकडे जाऊन त्याच्याविरुद्ध गाऱ्हाणे सांगत बसले. दुसरे कारण समोरच्या दरबारात. आदिलशहा, निजामशहा, पुढे मोगल आणि छत्रपती यांच्याशी बोलणी करायची तर राजाच्या वतीने बोलणारा राजाच्या जवळचा दिसायला हवा. तिसरे कारण मला सर्वांत खरे वाटते. बड्या घराची जमीन, वाडा, बायकामुले पोर्तुगालात असत. तो गोव्यात कितीही शेफारला तरी त्याचे मूळ राजाच्या मुठीत असे. सहा महिने दूर असलेल्या माणसाकडून इमान मिळवायचे तर जामीन भक्कम हवा, आणि कुळासारखा जामीन दुसरा नव्हता.

पण थोरला मुलगा सहसा येत नसे. घरची जहागीर त्याला मिळायची, तो मरणाच्या जहाजात कशाला चढेल? येत ते धाकटे. अल्बुकर्क दुसरा मुलगा, कास्त्रोही घरातला धाकटाच. गोव्याचे राज्य बऱ्याच अंशी पोर्तुगालच्या धाकट्या मुलांनी चालवले.

या जुआंव द कास्त्रोकडे जरा थांबून पाहिले पाहिजे, कारण कुळ आणि कर्तृत्व एकाच अंगात उतरले तर काय होते ते त्याच्यात दिसते. तो गणित शिकलेला होता. होकायंत्राची सुई कुठे किती हलते याच्या नोंदी जहाजावर बसून घेणारा हा सरदार. १५३८-३९ मध्ये त्याने गोव्यापासून दीवपर्यंतच्या किनाऱ्याचे टिपण लिहिले, त्यात आपल्या कोकणची बंदरे आहेत, घारापुरी आणि कान्हेरीची लेणीही आहेत. १५४५ मध्ये तो गव्हर्नर झाला आणि पुढच्याच वर्षी दीवला वेढा पडला. वेढा उठला, पण त्याचा मुलगा फेर्नांदो त्यात मेला. तट ढासळलेला, तिजोरीत दमडी नाही. त्याने गोव्याच्या नगरसभेला पत्र लिहून वीस हजार परदाव कर्ज मागितले. तारण काय? मुलाची हाडे उकरून पाठवण्याचा विचार होता, पण देह अजून कुजला नसल्याने ते जमत नाही, म्हणून आपल्या दाढीचे केस गहाण पाठवतो, असे त्याने कळवले. गोवेकरांनी पैसे दिले आणि केस परत केले. मिशीला पीळ देणाऱ्या आपल्या मुलखाला हे तारण नीट कळेल. दीवच्या तटाएवढीच त्या केसांची किंमत होती, आणि ती किंमत कास्त्रोने स्वतः कमावली होती. तो १५४८ च्या जूनमध्ये गोव्यात वारला, तेव्हा फ्रान्सिस झेवियर त्याच्या उशाशी होता.

गव्हर्नरांची चित्रे काढून ठेवण्याची प्रथाही याच कास्त्रोने पाडली. जुन्या गोव्यात पुरातत्त्व खात्याच्या संग्रहालयात ती चित्रे पाहायला मिळतात. गोव्याला गेलात तर चर्च पाहून लगेच समुद्रावर पळू नका, अर्धा तास तिथे द्या. एकापाठोपाठ एक पुरुषभर उंचीची माणसे, हातात काठी किंवा तलवार, आणि सोबत घराण्याचे चिन्ह. पुढे अनेकदा रंगवली गेल्याने बरेचसे चेहरे एकाच साच्यातले वाटतात. चिन्हे मात्र वेगवेगळी आणि ठसठशीत आहेत.

गव्हर्नर मेला तर काय, याचीही सोय होती. लिस्बनहून मोहोरबंद लखोटे आधीच येऊन पडलेले असत. आत कोणाचे नाव आहे ते कोणालाच माहीत नसे. गव्हर्नरने डोळे मिटले की पहिला लखोटा फोडायचा, आतल्या माणसाला गादी द्यायची. तो हयात नसेल तर दुसरा फोडायचा. कागदावर ही व्यवस्था फार चोख. १५२६ मध्ये तिची फजिती झाली. एन्रिक द मेनेझिश कण्णूरला मेला, लखोटा फोडला, आत नाव निघाले पेरो माश्कारेन्यश. तो बसला होता मलाक्काला. वारे फिरल्याशिवाय त्याला निरोपही जाणार नव्हता आणि तो येणारही नव्हता. मग पुढचा लखोटा फोडून लोपो वाझ द सांपायोला तात्पुरते बसवले. खरा वारस आला की जागा सोडीन, अशी शपथ त्याने घेतली. वारस आला, आणि शपथ घेणाऱ्याने त्याला बेड्या ठोकल्या. पोर्तुगिजांत उभे दोन तट पडले. शेवटी लवाद नेमला, त्याने कौल दिला सांपायोच्या बाजूने. पण १५२९ मध्ये नूनो द कुन्हा गव्हर्नर म्हणून आला आणि त्याने सांपायोला कैद करून लिस्बनला पाठवले.

या लखोट्यांचा एक मात्र फायदा झाला. हिंदुस्थानात हयात घालवलेली माणसे कधी गादीवर आली तर ती बहुधा अशीच आली. १६१९ मध्ये काउंट रेदोंदो मेल्यावर फेर्नांव द अल्बुकर्क हा इथेच म्हातारा झालेला माणूस गव्हर्नर झाला. लिस्बनने सरळ मार्गाने त्याला निवडले असते, असे मला वाटत नाही.

सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत कागदांची व्यवस्था पक्की झाली. १६४० मध्ये पोर्तुगाल स्पेनपासून सुटला आणि नव्या राजाने १६४२ मध्ये समुद्रपारच्या मुलखांसाठी एक मंडळ नेमले. एखाद्या वसाहतीतली गव्हर्नरची किंवा कप्तानाची जागा रिकामी झाली की जाहीर फलक लागत. उमेदवार अर्ज करत. अर्जासोबत दाखल्यांचा गठ्ठा. किती वर्षे चाकरी, कोणत्या लढाया, किती जखमा, कोणत्या वरिष्ठाचे प्रशस्तिपत्र. मंडळाचे सभासद ते वाचत, क्रम लावत, मत नोंदवत. मग तो कागद राजाकडे जाई आणि राजा समासात आपला निर्णय लिही. आपल्या जिल्ह्यातली स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले इथे असतील, त्यांना वाटेल, वा, हे तर आपल्यासारखेच झाले!

थांबा. त्या गठ्ठ्यात आणखी काय काय असे ते ऐका. त्यात बापाची चाकरी असे. काकाची असे. दीवला मेलेल्या आजोबांची असे. ज्या सेवेचे बक्षीस राजाकडून अजून मिळाले नाही, ती सेवा येणे रकमेसारखी वारसाकडे जाई. ती मृत्युपत्रात लिहून ठेवता येई. मुलीच्या लग्नात देता येई. चौल, वसई, दमण या किल्ल्यांच्या कप्तानक्या तीन-तीन वर्षांसाठी दिल्या जात, त्यासाठी रांग लागलेली असे आणि आपला नंबर यायच्या आत माणूस मरूनही जाई. तो नंबर मुलाला मिळे किंवा जावयाला. राजाच्या खर्चाने लिस्बनहून गोव्याला धाडलेल्या अनाथ मुलींना हुंडा म्हणून असा हुद्दा मिळे आणि ज्याच्याशी लग्न होई तो त्या हुद्द्यावर बसे. किल्लेदारी हुंड्यात! वसईच्या तटावर कोण उभा राहणार, हे कुठल्याशा लग्नाच्या याद्यांत ठरे.

हा माझ्या मते सगळ्या गोष्टीचा गाभा आहे. जन्म श्रेष्ठ की गुण, असा वाद आपण घालतो. त्या लोकांच्या हिशेबात हा वाद उभाच राहत नव्हता, कारण त्यांनी गुणालाच वारसाहक्क लावला होता. आजोबाच्या जखमा नातवाच्या खात्यावर जमा. ज्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या लढणारे झाले त्याच्याजवळ गुण जास्त, आणि हे ते दांभिकपणे म्हणत नव्हते, त्यांना ते खरोखर न्यायाचे वाटे. वतनाचा कागद जपून ठेवणाऱ्या मुलखाला हे समजावून सांगायची गरज नाही. मूळ पुरुषाने काय केले याची कैफियत पुढे करून सातव्या पिढीने हक्क मागायचा, हे आपल्या देशमुखी-देशपांडेपणाच्या तंट्यांत पानोपानी आहे. शिवाजी महाराजांनी हे ओळखले होते. नवी वतने द्यायची नाहीत, चाकरीचा मोबदला रोख द्यायचा, हुद्दा बापाचा म्हणून पोराला द्यायचा नाही, असा त्यांचा कटाक्ष होता. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात वतनदारांविषयीही सावधगिरीचा इशारा आहे आणि टोपीकरांविषयीही. या दोन्ही धास्त्या एकाच ग्रंथात आहेत, हे मला फार सूचक वाटते.

हे अर्ज, फलक वगैरे खालच्या आणि मधल्या जागांसाठी. गोव्याच्या व्हाइसरॉयसाठी अर्ज मागवत नसत. ती निवड राजा आपल्या खास सल्लागारांशी बोलून करी. पोर्तुगीज इतिहासकार नूनो गोन्सालो मोन्तेरो आणि मफाल्दा सुआरिश द कुन्हा यांनी या नेमणुकांचा मोठा अभ्यास केला आहे. ब्राझीलच्या आणि अटलांटिकच्या बारक्या वसाहतींत लढून वर आलेला साधा माणूस गव्हर्नर झालेला सापडतो. गोव्याची गादी मात्र वरच्या घराण्यांची.

वारशाचा हा हिशेब कसा चाले ते गामा घराण्यात नीट दिसते. वास्को द गामा सिनिश या किनाऱ्यावरच्या गावातला, मध्यम प्रतीच्या घराण्यातला. हिंदुस्थानचा मार्ग त्याने काढला. त्या बळावर भांडून-झगडून १५१९ मध्ये विदिगेराचा काउंट झाला आणि १५२४ मध्ये व्हाइसरॉय होऊन आला, तीन महिन्यांत कोचीला मेला. पराक्रम आधी, किताब नंतर, गादी त्याहून नंतर. आता त्याचा पणतू फ्रान्सिस्को द गामा पाहा. जन्मतः काउंटपद ठरलेले. १५९७ मध्ये तो व्हाइसरॉय झाला, तेव्हा पणजोबाच्या सफरीला शंभर वर्षे होत होती. त्याने गोव्याच्या वेशीवर कमान उभी केली आणि तिच्यावर वास्कोचा पुतळा बसवला. कमान आजही मांडवीच्या काठावर आहे. पण या पणतवाचा ताठा गोव्याच्या पोर्तुगिजांना असा काही खुपला की १६०० मध्ये त्याची कारकीर्द संपताच रात्रीत पुतळा खाली ओढला गेला, तुकडे केले आणि ते शहरात टांगले. राग पणतवावरचा, हातपाय तुटले पणजोबाचे. एवढे होऊनही १६२२ मध्ये राजाने त्यालाच पुन्हा पाठवले!

तो दुसऱ्यांदा गोव्यात राज्य करत होता, त्याच सुमारास आपल्याकडे खडकीला कोण होता? मलिक अंबर. हबसाणातून गुलाम म्हणून विकत आणलेला, या बाजारातून त्या बाजारात गेलेला माणूस निजामशाहीचा सर्वेसर्वा झाला होता, मोगल बादशहाला त्याने दमवले होते. पोर्तुगालच्या मंडळापुढे त्याने अर्ज केला असता तर त्याच्या गठ्ठ्यात बाप, काका, आजोबा कोणाचाच कागद नसता. दख्खन या बाबतीत पोर्तुगालपेक्षा मोकळी होती, असे म्हणायचा मोह होतो. पण १६२६ मध्ये अंबर वारला आणि त्याच्या जागी आला त्याचाच मुलगा फतहखान. १६३३ मध्ये दौलताबादचा किल्ला त्याने मोगलांच्या हवाली केला. खडकी ते गोवा, सगळीकडे पहिला माणूस मिळवी आणि पुढचे त्यावर बसत.

आता मराठ्यांशी ज्यांची गाठ पडली त्या घराण्यांकडे येऊ. १६८३ मध्ये काउंट आल्व्होर, म्हणजे फ्रान्सिस्को द ताव्होरा, गोव्यात व्हाइसरॉय होता. त्याने फोंड्याच्या किल्ल्याला वेढा घातला. संभाजी महाराज आले आणि त्याला पळता भुई थोडी झाली. नोव्हेंबरच्या एका रात्री मराठ्यांनी जुवे बेट घेतले, गोवा शहर हाताच्या अंतरावर आले. बेट परत घ्यायला गेलेला व्हाइसरॉय कसाबसा जिवानिशी सुटला आणि थेट फ्रान्सिस झेवियरच्या शवपेटीपाशी गेला. आपली अधिकाराची काठी त्याने संताच्या स्वाधीन केली. आता तूच राज्य सांभाळ, असे त्याचे म्हणणे. मागून शहाआलमची मोगल फौज घाट उतरली म्हणून संभाजी महाराजांना माघारी फिरावे लागले आणि गोवा वाचला. राजकारणात नशीब हाही एक गुण धरावा लागतो. हे आल्व्होर महाशय पुढे लिस्बनला गेले आणि मघाशी सांगितलेल्या त्या मंडळाचे अध्यक्ष झाले. इतरांची लायकी तपासायला!

१७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली. गोव्यात तेव्हा काउंट सांदोमिल होता. बड्या घरच्या नालायकांमुळे उत्तर कोकण गेले, असे सोपे स्पष्टीकरण कोणी देईल. पण मग चिमाजीअप्पा काय परीक्षा देऊन आले होते? तेही पेशव्यांचे चिरंजीव आणि पेशव्यांचे बंधू. कुळ दोन्हीकडे होते. आपल्याकडे त्या पिढीला माणसे मिळाली, एवढेच.

मात्र वसईच्या धक्क्याने लिस्बन थोडे शहाणे झाले. पुढचे व्हाइसरॉय उमरावच होते, पण आता दुसऱ्या मुलखात हात पोळून घेतलेले. पेद्रो मिगेल द आल्मेडा हा त्यातला ठळक नमुना. काउंट आसुमार म्हणून तो ब्राझीलमध्ये सोन्याच्या खाणींच्या मुलखात गव्हर्नर होता, १७२० चे तिथले बंड त्याने निर्दयपणे मोडले. १७४४ मध्ये तो गोव्याला आला, तेही मार्किश हा वरचा किताब पदरात पाडून घेऊनच, कारण तोवर गोव्याला जायला मोठी घराणी काकू करू लागली होती आणि किताबाचे आमिष दाखवावे लागे. १७४६ मध्ये त्याने सावंतवाडीकर भोसल्यांकडून हळर्णचा किल्ला घेतला. राजाने खूश होऊन त्याचा किताबच बदलला: मार्किश द आलोर्न. पेडण्यातल्या शापोरा नदीकाठचे हळर्ण हे चिमुकले गाव पोर्तुगालच्या बड्या उमराव घराण्याचे नाव होऊन बसले. त्याची नात लिओनोर पोर्तुगीज भाषेतली नावाजलेली कवयित्री झाली, तीही पुढे याच नावाची मार्किझ.

त्याच्या जागी १७५० मध्ये आला मार्किश ताव्होरा, संभाजी महाराजांपुढे पळालेल्या आल्व्होरचा नातू. सोबत बायको होती, दोना लिओनोर. चार वर्षे राज्य करून तो परतला आणि बक्षीस म्हणून ड्यूकपद मागू लागला. ते मिळाले नाही. १७५८ च्या सप्टेंबरात राजा जुझेवर रात्री गोळीबार झाला. मंत्री पोंबालने ठपका ठेवला ताव्होरांवर. १३ जानेवारी १७५९ रोजी लिस्बनजवळ बेलेंला मार्किश, त्याची बायको आणि दोन मुलगे यांना जाहीरपणे, हालहाल करून ठार मारले. ताव्होरा हे नावच वापरायला बंदी झाली. त्यांची मुलगी आलोर्न घराण्यात दिली होती. तिचा नवरा, म्हणजे हळर्ण घेणाऱ्याचा मुलगा, १७७७ पर्यंत तुरुंगात सडला. कवयित्री लिओनोर मठाच्या भिंतींआड वाढली ती यामुळे. कुळ हा जामीन, असे मी म्हणालो ना? राजाने तो जामीन असा वसूल केला.

ताव्होरानंतरचा काउंट आल्व्हा हाही ब्राझीलमध्ये कारभार करून आलेला. १७५६ च्या जूनमध्ये फोंड्याच्या किल्ल्यावर चालून गेला आणि मराठ्यांच्या हातून तिथेच पडला. गादीवर असताना रणात पडलेला व्हाइसरॉय म्हणून त्याला मान द्यायला हवा.

पोंबालने उमरावांचे पंख छाटले, तसा गोव्यातल्या लोकांसाठी एक मोठा हुकूमही काढला. १७६१ चा. ख्रिस्ती झालेले हिंदी लोक आणि पोर्तुगालात जन्मलेले यांत मान आणि हुद्द्यांच्या बाबतीत भेद करू नये, असा तो होता. गोव्यातल्या गोऱ्यांनी तो जमेल तितका दडपला, म्हणून १७७४ मध्ये नव्या गव्हर्नरबरोबर पुन्हा सक्त सूचना पाठवाव्या लागल्या. कागद निघाला, पण दाखल्यांचा गठ्ठा कुठून आणायचा? ज्यांच्या बापाआजाला कधी हुद्दाच मिळू दिला नाही त्यांच्या खात्यावर जमा काय असणार? गोव्याचे दोन विद्वान पाद्री लिस्बनला जाऊन बिशपची जागा मागून आले, रिकाम्या हाती. १७८७ मध्ये गोव्यात कट उघडकीला आला तो यांच्याच मंडळींचा, पिंटो घराण्याच्या नावाने ओळखला जाणारा. पंधरा जणांना दुसऱ्या वर्षी देहान्ताची शिक्षा झाली. त्या वेळचा गव्हर्नर फ्रान्सिस्को द कुन्हा मेनेझिश ब्राझीलमध्ये सांव पावलोहून आला होता आणि पुढे बाहियाचा गव्हर्नर झाला. त्याची शिडी शाबूत राहिली.

साडेचारशे वर्षांत गोव्याचा माणूस गोव्याच्या गादीवर एकदाच बसला. नेवऱ्याचा बर्नार्दो पेरेश द सिल्व्हा. पोर्तुगालात यादवी झाली, उदारमतवादी जिंकले आणि त्यांनी लिस्बनच्या संसदेत प्रतिनिधी म्हणून काम केलेल्या या माणसाला प्रीफेक्ट, म्हणजे गोव्याचा कारभारप्रमुख, नेमले. १४ जानेवारी १८३५ ला त्याने सूत्रे घेतली. १ फेब्रुवारीला लष्करी बंड झाले आणि त्याला हाकलले. त्या दोन-अडीच आठवड्यांत त्याने हुकूम भराभर काढले, बड्या गोऱ्या अधिकाऱ्यांना हात घातला, आणि तेच त्याला भोवले. तो मुंबईला गेला. त्याच्या बाजूच्या शिपायांची त्याच वर्षी मे महिन्यात मिरामारजवळच्या गास्पार दियश किल्ल्यात कत्तल झाली. गोवेकर पुन्हा कधी नेमला गेला नाही.

आणि जुनी खोड? १८९५ मध्ये गोव्याच्या मराठा पलटणीने मोझांबिकला जायला नकार देऊन बंड केले, सत्तरीचे राणे त्यांना मिळाले. एकोणिसावे शतक संपत आलेले, आगगाडी मुरगावात धावत होती. लिस्बनने उपाय काय काढला? राजाचा सख्खा भाऊ दों आफोन्सो याला फौजेसह पाठवले आणि १८९६ मध्ये व्हाइसरॉय केले.

१९१० मध्ये पोर्तुगालात राजेशाही गेली, किताब गेले. पुढचे गव्हर्नर बहुतेक लष्करातले किंवा मुलकी कारभारातले. शेवटचा मानुएल वास्सालो इ सिल्व्हा हा लष्करातला इंजिनिअर, १९५८ मध्ये आलेला. कुळाचा कागद त्याच्याजवळ नव्हता, होती ती नोकरीत मिळवलेली बढती. १९६१ च्या डिसेंबरात भारतीय फौजा सीमेवर आल्या तेव्हा पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याचा हुकूम आला: शरणागती नाही, सैनिक आणि खलाशी एक तर जिंकतील नाही तर मरतील. साडेतीन हजारांच्या आसपास फौज, विमाने नाहीत, एक जुनी युद्धनौका. हुकूम देणाऱ्याने आल्मेडा-कास्त्रोंच्या काळातला गव्हर्नर डोळ्यांपुढे ठेवला होता, दाढीचे केस गहाण टाकणारा. वास्सालो इ सिल्व्हाने शहरे उद्ध्वस्त होऊ दिली नाहीत आणि १९ डिसेंबरला शरणागती दिली. १९६३ मध्ये सालाझारने त्याला लष्करातून काढून टाकले. पोर्तुगालात १९७४ ची क्रांती झाल्यावर त्याला हुद्दा परत मिळाला, आणि १९८० मध्ये तो गोव्याला आला तेव्हा गोवेकरांनी त्याचे स्वागत केले.